झुल्माबाई आणि अनोळखी पाहुणे

पायसान्दू शहरातल्या आमच्या गल्लीत झुल्माबाईंची कात्री लागली नाही असं डोकं सापडणार नाही. त्यांची आई शेवटी शेवटी पोटच्या लेकीला विचारायची, "तुम्ही कोण?" तेव्हापासून एखादं नाव आठवलं नाही, की बाईंना वाटायचं, आपलंही आता आईसारखंच होणार.

या वसंतात नदीकाठच्या बागेत गल्लीची सहल ठरली. ज्याने त्याने आपापला पदार्थ आणायचा. यजमानपण झुल्माबाईंकडे. त्या सगळ्यांच्या आधी गेल्या आणि निलगिरीखालच्या मेजावर चादर अंथरून, पालक-अंड्याचं सारण भरून भाजलेली जाड पोळी मांडून बसल्या.

थोड्या वेळाने माणसं आली. कुणी करंजीसारखे एम्पनाडा ठेवले, कुणी भाताचं सॅलड. सगळ्यांनी रीतीप्रमाणे गालाला गाल लावला. बाईंना एकही चेहरा ओळखू येईना.

एक पांढऱ्या केसांची बाई त्यांचा हात धरून म्हणाली, "आलीस गं शेवटी. वाटलं, येतच नाहीस."

"मीच तर बोलावलंय सगळ्यांना."

"मग इतकी वर्षं कुठे होतीस?"

"इथेच."

सगळे हसले. ती बाई पुढे म्हणाली, "लहानपणी तुझ्या वेण्या मी घालायचे, आठवतं?"

"हो," झुल्माबाई म्हणाल्या.

तेवढ्यात आमचा खाटीक वॉल्तेर मला सोबत घेऊन त्यांना शोधत आला. "झुल्माबाई, आम्ही कारंज्यापाशी ताटकळतोय. तुम्ही इथे कुणाच्या पंगतीला?"

"झुल्मा?" ती बाई दचकली. "मग नेलिदा कुठाय?"

तिचं नाव इर्मा. कित्येक वर्षांपूर्वी भांडून ब्राझीलला गेलेली तिची धाकटी बहीण नेलिदा आज येणार होती. झुल्माबाईंना आधी हायसं वाटलं, हसूही फुटलं. मग इर्माचा उतरलेला चेहरा दिसला.

"वॉल्तेर, आपली भांडी इकडेच आण," त्या म्हणाल्या.

दोन्ही पंगती एकत्र जेवल्या. संध्याकाळपर्यंत नेलिदा आली नाही. इर्मा मधूनच झुल्माबाईंना त्याच नावाने हाक मारायची, जीभ चावायची. तिसऱ्यांदा बाईंनी नुसती ओ दिली.

निघताना इर्मा म्हणाली, "रविवारी घरी ये."

"येते."

वाटेत बाईंनी मला थांबवलं. "काय गं, तिने मला बोलावलं की नेलिदाला?"

रविवारी मात्र त्या गेल्या, कात्री घेऊन.