कचेरीची मागची बाजू

जुन्या कचेरीत अठ्ठावीस वर्षं झाडूकाम केलेल्या आत्याला पुतण्याने हौसेने कॉम्प्युटरसमोर बसवलं. शहर वसवायच्या एका गेमसाठी त्याने तीच कचेरी जुने फोटो बघून खांबन् खांब उभी केली होती. घड्याळाचा मनोरा, दगडी पायऱ्या, सगळं कसं आरशासारखं लख्ख. आत्याला बघूनच शिसारी आली.

"या पायऱ्यांवर साहेब लोक तंबाखू थुंकायचे. खरवडून खरवडून माझी नखं झिजली. डाग कुठायत?"

"गेममध्ये डाग कशाला, आत्या?"

"बरं, मागून दाखव."

झाडूवाल्यांना पुढून यायची सोय नव्हती. त्यांच्यासाठी मागे, संडासाच्या गटाराला लागून, गंजका जिना होता. तो वास आठवला की आजही तिचा घास घशाखाली उतरत नसे.

पुतण्याने इमारत फिरवली. मागे नुसती कोरी भिंत.

"मागचा एकही फोटो मिळाला नाही," तो ओशाळून म्हणाला. "जिना होता का तिथे?"

"राहू दे, हुबेहूब जमलंय तुला," पदर नाकाला लावत आत्या उठली. "साहेबांनाही तिथे भिंतच दिसायची."