नट घट्टच होता

नशिराबादला हायवेच्या कडेला चुडामण मिस्तरींचं गॅरेज आहे आणि त्याच्या बरोबर समोर माझं झेरॉक्सचं दुकान. पंधरा वर्षं झाली, रोज सकाळी शटर वर करताना पहिली नजरानजर त्यांच्याशी होते. वय एकसष्ट, अंगात कायम खाकी हाफशर्ट, कानात भरपूर केस. त्या कानांवर मात्र आख्ख्या पंचक्रोशीचा विश्वास. इंजिन चालू करायचं, स्क्रूड्रायव्हरचं टोक सिलिंडरला लावायचं, मूठ कानाला टेकवायची आणि डोळे मिटायचे. अर्ध्या मिनिटात सांगणार की बेअरिंग गेलंय की रिंग.

आधी ते मोपेडी आणि जुन्या टू-स्ट्रोक मोटरसायकली दुरुस्त करायचे. त्या गाड्या रस्त्यावरून नाहीशा झाल्या तेव्हा ते फवारणीच्या पंपांकडे वळले. इंजिन तेच, छोटं. केळी आणि कपाशीच्या पट्ट्यात पंपांना काय तोटा! जून ते ऑक्टोबर त्यांच्या दारात पंपांची रांग लागते. पण गवत कापायचं मशीन कुणी आणलं की ते हात पुसत उठायचे आणि म्हणायचे, "हे मी घेत नही भो. जळगावला घेऊन जा."

नव्या माणसाला याचं नवल वाटायचं. पंपाचं इंजिन उघडणारा माणूस त्याच जातीच्या इंजिनाला हात का लावत नाही? गावातल्या जुन्या लोकांना कारण माहीत होतं, आणि मिस्तरींसमोर कुणी ते काढत नसे.

२०१६ च्या ऑगस्टमधली गोष्ट. तापीकाठच्या एका मोठ्या बागायतदाराचं गवत कापायचं मशीन त्यांनी दुरुस्त करून दिलं होतं. गिअरबॉक्स उघडून ग्रीस भरलं, तीन पानांचं पातं बसवलं, नट आवळला. चौथ्या दिवशी बागेत काम चालू असताना पातं उडालं आणि मशीन चालवणाऱ्या प्रेमराजच्या पायात घुसलं. टाचेच्या वरची शीर तुटली. तीन महिने तो दवाखाना आणि घर यांतच होता, आणि पाय कायमचा अधू झाला. मालकाने दुसऱ्याच दिवशी गावभर सांगितलं, "मिस्तरीने नट ढिला ठेवला."

चुडामणभाऊ मशीन बघायला गेले, तर त्यांना फाटकातूनच परत पाठवलं. दवाखान्यात गेले, तर प्रेमराज तोंड भिंतीकडे करून पडून होता. त्यानंतर ते कुणाशी वाद घालायला गेले नाहीत. कारण खरं सांगायचं तर त्यांना स्वतःलाच खात्री नव्हती. एकदा चहा पिता पिता मला म्हणाले होते, "नट आवळल्याचं मले आठवते. पण ते त्या मशीनचं आठवते का दुसऱ्या कोन्या मशीनचं, ते सांगता येत नही. हजार नट आवळलेत या हातांनी. रात्री डोळा लागत नही, तेच आठवत बसतो."

नऊ वर्षं हे असंच चाललं होतं.

मागच्या सप्टेंबरात एका सकाळी रिक्षातून एक माणूस उतरला. खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक. पस्तिशीचा असेल. गॅरेजच्या पायरीवर ते ठेवून अहिराणीत म्हणाला, "भाऊ, मी नवल. चाळीसगावकडना शे. हाई मशीन दखा बरं."

गोणपाट उघडलं तर आत गवत कापायचं मशीन. सगळ्याला हिरवा ऑइलपेंट फासलेला, टाकीला, दांडीला, अगदी स्टार्टरच्या झाकणालासुद्धा. नाव नाही, नंबर नाही. भंगारवाल्याकडून घेतलेलं.

"हे मी घेत नही," चुडामणभाऊ नेहमीप्रमाणे म्हणाले.

"घेऊ नका," नवल म्हणाला, "पन हाई कोनतं मशीन शे, तेवढं सांगा. मनी निंबूनी बाग शे, गवत कंबरइतलं वाढेल शे. चार दुकानं फिरनू. नाव सांगशी तवय सामान भेटी, म्हंतस. नाव कोनलेच समजत नई."

माणूस पहाटेची गाडी पकडून आला होता. चुडामणभाऊंनी त्याच्याकडे पाहिलं, मग मशीनकडे. ओळखायला काय जातं, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी स्टूल ओढलं आणि मला हाक मारली, कारण बारीक अक्षर वाचायला त्यांना माझा मोबाइल लागतो.

आधी त्यांनी दांडीची जाडी मोजली. मग इंजिन दांडीपासून सुटं केलं आणि आतल्या शाफ्टच्या टोकावरचे दात बोटाने मोजले. कार्बोरेटर काढून रॉकेलमध्ये बुडवला, ब्रशने घासला, तेव्हा त्याच्या कडेला आकडे दिसले. मी फोटो काढून मोठा करून दाखवला. भाऊंनी ते आकडे दोनदा पाहिले.

"जपानी बनावट आहे," ते म्हणाले. "पंधरा-वीस वर्षांपूर्वी आपल्याकडे अशी तीन-चारच आली व्हती."

मग त्यांनी खालच्या टोकाच्या गिअरबॉक्सचे स्क्रू खोलले. झाकण उलटं केलं, आतलं वाळलेलं ग्रीस बोटाने पुसलं, आणि ते हातातलं झाकण तसंच धरून बसले. मी वाकून पाहिलं. आतल्या बाजूला सुईने कोरल्यासारखी अक्षरं होती: चु. सु. ८/१६.

चुडामण सुपडू, त्यांचं आणि त्यांच्या वडिलांचं नाव. ऑगस्ट दोन हजार सोळा. उघडलेल्या प्रत्येक गिअरबॉक्सवर ते अशी खूण करतात, आणि त्या ऑगस्टमध्ये त्यांनी गवताचं एकच मशीन उघडलं होतं.

नवलला यातलं काहीच माहीत नव्हतं. तो म्हणाला, "काय व्हयनं, भाऊ?"

भाऊंनी मशीन उलटं केलं आणि जिथे पातं बसतं तिथली वाळलेली माती पटाशीने खरवडायला लागले. मातीच्या आणि रंगाच्या खाली नट होता. नटाखाली पुरीएवढी लोखंडी चकती. नवल म्हणाला, ती कंपनीचीच असेल असं त्याला वाटलं होतं.

ती कंपनीची नव्हती. तिच्या कडा वेड्यावाकड्या तुटलेल्या होत्या; तुटून गेलेल्या पात्याचा मधला भाग होता तो.

त्यांनी शाफ्ट फिरू नये म्हणून भोकात खिळा अडकवला आणि नटाला पाना लावला. या मशीनला उलटे आटे असतात, म्हणजे आपण एरवी आवळायला फिरवतो त्या बाजूने फिरवलं की नट सुटतो. पाना हलेना. डिझेल सोडलं, पंधरा मिनिटं थांबले. तरी हलेना. शेवटी पान्यावर पाइप चढवून मी आणि नवल दोघांनी जोर लावला, तेव्हा कडाक्कन आवाज झाला आणि नट सुटला.

भाऊंनी चकती हातात घेतली. तिचं मधलं भोक कुणा वेल्डरने गॅसकटरने कापलेलं होतं, ओबडधोबड, शाफ्टच्या मानाने कितीतरी मोठं. चकती एका बाजूला सरकून बसली होती. असं पातं फिरायला लागलं की लंगडत फिरणार, हादरे बसणार, आणि मधूनच तुटणार.

"हे पातं मी बसवलेलं नही," ते म्हणाले. आवाज अगदी हळू होता. "माझं पातं शाफ्टवर असं चपखल बसलं व्हतं की केससुद्धा गेला नसता. हे कोनीतरी नंतर लावलं. आन् नट..." त्यांनी जमिनीवरच्या पाइपकडे पाहिलं. "नट घट्टच व्हता."

मग ते उठून गॅरेजच्या मागच्या नळाखाली तोंड धुवायला गेले. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. नवलने माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी त्याला थोडक्यात सगळं सांगितलं. तो चपला काढून पायरीवर नीट बसला.

भाऊ परत आले ते चेहरा पुसत. "मशीन राहू द्या," ते नवलला म्हणाले, "रविवारच्या आत चालू करून देतो."

त्याच दिवशी दुपारी ते माझ्या मोटरसायकलवर मागे बसले. चकती फडक्यात बांधून खिशात. प्रेमराज आता असोद्याला पिठाची गिरणी चालवतो. आम्ही पोचलो तेव्हा तो ज्वारी दळत होता. दारात मिस्तरींना पाहिलं आणि त्याने गिरणी बंद केली. 

भाऊंनी फडकं सोडून चकती दळणाच्या काट्यावर ठेवली. प्रेमराजने ती उचलली. भोकावरून अंगठा फिरवला आणि खाली पोत्यावर बसला.

"हे तुमाले कुठे भेटलं?"

"मशीनमध्येच व्हतं. नटाखाली."

"पातं मीच बदललं व्हतं, भाऊ," प्रेमराज म्हणाला. "आदल्या संध्याकाळी. बांधावरच्या बाभळीची झुडपं तुमच्या पात्याने तुटत नव्हती. मालकाने वेल्डरकडून जाड पातं करून आणलं. मग हे झालं. मालक दवाखान्यात येऊन म्हणाले, पात्याचं कोनाजवळ काढू नको, उपचाराचं मी पाहतो. तुमी आले तेव्हा मी भिंतीकडे तोंड केलं, कारण तुमच्या डोळ्यात पाहता येत नव्हतं."

 मला वाटलं, आता चुडामणभाऊ काहीतरी कडू बोलणार, आणि बोलले असते तर कुणी नावं ठेवली नसती.

प्रेमराजच पुढे म्हणाला, "खरं सांगू का? मले नऊ वर्षं वाटत आलं की नट मीच ढिला ठेवला. उलटे आटे. अंधार पडत व्हता. मीच चुकीच्या बाजूने फिरवला असेन आन् आपला पाय आपणच घालवला."

भाऊ मग पोत्याच्या दुसऱ्या टोकावर बसले.

"तू नट आवळला व्हता ना? लय चांगला आवळला व्हता. पान्याला पाइप लावून दोन माणसं लटकली, तेव्हा सुटला. ढिला असता तर ही चकतीबी जाग्यावर राहिली नसती. तुझा नट ढिला नव्हता, प्रेमराज. माझाबी नव्हता. नटाचा दोषच नही यात. पातं वाईट व्हतं."

प्रेमराज हसायला गेला आणि त्याला रडू आलं. पिठाच्या हातांनीच त्याने डोळे पुसले, त्यामुळे सगळा चेहरा पांढरा झाला. आतून त्याची बायको लताबाई धावत आली, हे काय झालं म्हणून. तिला ओळख सांगितली, तशी ती काही न विचारता चहा टाकायला वळली. आम्ही तासभर बसलो. गिरणी, पाऊस, असोद्याची वांगी, असल्या गोष्टी बोललो. मालकाचं नाव कुणी घेतलं नाही. निघताना प्रेमराज लंगडत रस्त्यापर्यंत आला आणि त्याने सांगितलं की येत्या आठवड्यात नशिराबादला येऊन तो चार माणसांसमोर हे बोलणार आहे. तसा तो आलाही. पानटपरीवर उभा राहून बोलला, आणि ज्यांनी ऐकायला हवं होतं त्यांच्यापर्यंत ते संध्याकाळच्या आत पोचलं.

मशीनचं म्हणाल तर दुखणं साधंच निघालं. कार्बोरेटरमधला रबराचा पडदा कडक झाला होता आणि पेट्रोलच्या नळ्या भुगा झाल्या होत्या. सायलेन्सरमध्ये कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं, ते तारेने काढलं. कार्बोरेटरवरचे आकडे दाखवल्यावर जळगावच्या दुकानात पडद्याचा संच मिळाला. पात्याच्या जागी भाऊंनी नायलॉनच्या दोरीचं डोकं बसवलं आणि पुढे नवं गार्ड लावलं. शनिवारी नवल आला. दोनदा दोरी ओढली, मशीन खोकलं. तिसऱ्यांदा चालू झालं. भाऊंनी सवयीने स्क्रूड्रायव्हर कानाला लावला आणि डोळे मिटले. या वेळी त्यांनी ते नेहमीपेक्षा बरेच उशिरा उघडले.

नवलसाठी त्यांनी एका कागदावर दांडीची जाडी, शाफ्टचे दात, कार्बोरेटरचा नंबर असं सगळं लिहून दिलं. शेवटी मोठ्या अक्षरात: 'पातं लावायचं तर वीस मिलिमीटर भोकाचंच. दुसरं अजिबात नाही.' तो कागद मी लॅमिनेट करून दिला. नवल तो शर्टाच्या आत ठेवून चाळीसगावच्या गाडीला गेला.

दुसऱ्या दिवशी रविवार. रविवारीही भाऊंचं गॅरेज सातला उघडतं. साडेआठ वाजले तरी शटर बंद. तीन पंपवाले दारात उभे. मला काळजी वाटली, म्हणून मी मागे त्यांच्या घरी गेलो. सुंदरबाई, म्हणजे त्यांची बायको, ओट्यावर मेथी निवडत होती. तिने तोंडावर बोट ठेवलं.

"झोपलेत," ती हळूच म्हणाली. "त्या लोकांना म्हणावं, बाकावर बसा. कोनी उठवू नका."