ओढ्यापलीकडचा टायगर

माझ्या आयुष्यात मी सगळ्यात जास्त कोणाचा ऋणी असेन, तर माझ्या कौसाआत्याचा. आणि साहेबांचं कुत्रं माझ्या हातून पळवलं गेलं, तेही तिच्यामुळेच.

आधी ऋणाचं सांगतो. आई मी लहान असतानाच गेली. साखरा या आमच्या गावची शाळा संपल्यावर मला पुढं शिकायला आमच्या हिंगोलीकडच्याच गोरेगावला ठेवायचं आत्यानंच ठरवलं. ती स्वतः पाटीला कधी शिवली नव्हती. पण दर आठवड्याला जीपमध्ये बसून भाकरी घेऊन यायची, आणि यायचा वार मुद्दाम बदलायची. वार ठरलेला असला की पोरगं फक्त त्याच दिवशी अभ्यास करतं, असं तिचं मत होतं. (बरोबर होतं.) मी बी.ए. झालो, घराण्यातला पहिला पदवीधर. तेव्हा तिनं माझी गुणपत्रिका गुरुजी, पोस्टमन आणि किराणा दुकानदार अशा तिघांकडून वेगवेगळी वाचून घेतली. दुसऱ्यानं आधी वाचलंय हे तिसऱ्याला कळू न देता. तिघांचंही ‘पास’ जुळलं, तेव्हाच गावात गूळ वाटला गेला.

हिंगोली जिल्हा झाल्यानंतरच्या वर्षा-दोन वर्षांतली ही गोष्ट. मी तिथल्या एका कचेरीत तात्पुरता कारकून होतो. मला कायम करण्याची फाईल नव्या साहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडली होती. साहेब आठच दिवसांपूर्वी रुजू झाले होते. मी त्यांना पाहिलं होतं, पण सफारीत, खुर्चीत आणि फाईलच्या मागे.

जिल्हा झाला तसे गावात अधिकारी आले आणि अधिकाऱ्यांबरोबर पट्टेवाली कुत्री आली. माझ्या खोलीमागे एक ओढा होता, त्यावर छोटा पूल. पलीकडच्या मैदानाला बगीचा होणार म्हणून तारेचं कुंपण घातलं होतं. बगीच्यात झाडं आली नाहीत, कुत्री आली. रोज सकाळी साहेबलोक पुलावरून कुत्री आणायचे, कुंपणाच्या आत पट्टा सोडायचे आणि गप्पा मारत उभे राहायचे. मी वर्षभर हे बघत होतो. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, कारण मी शिकलेला होतो.

थंडीत आत्या चार दिवस राहायला आली. पहिल्याच सकाळी तिनं मला हाक मारली.

“नाम्या, हे लोक कुत्रे सोडून राहिलेत.”

“खेळायला सोडतात, आत्या.”

“खेळायला? घरी अंगण न्हाई का त्यांना?”

इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. नको झालेलं मांजर किंवा कुत्रं आमच्याकडे ओढ्यापलीकडे नेऊन सोडतात. पाणी ओलांडलं की त्याचा वास तुटतो आणि जनावर घरचा रस्ता विसरतं. (आमचं एक मांजर माझ्याआधी घरी पोचलं होतं, पण तो अपवाद.) आणि सोडताना माणूस तोंड फिरवून उभा राहतो, जनावराच्या डोळ्यात बघवत नाही म्हणून.

आत्यानं बोट दाखवलं. मैदानात पाच माणसं कुत्र्यांकडे पाठ करून उभी होती.

मी सांगितलं, की ते कुत्री परतही नेतात. त्यावर ती म्हणाली, “परत न्यायचं तर सोडायचं काहून?” या प्रश्नाचं उत्तर बी.ए.ला नव्हतं. मी विचार करू लागलो. आमच्या गावात बांधलेलं कुत्रं चावरं असतं, आणि मोकळ्या कुत्र्याला फिरायला न्यायला माणूस लागत नाही. मग बांधून आणायचं आणि आणून मोकळं सोडायचं, हा काय प्रकार? मलाही संशय येऊ लागला. काल तिथं एक काळं कुत्रं होतं, आज ते दिसत नव्हतं!

दुसऱ्या सकाळी आम्ही दोघं तपासाला मैदानात गेलो. मी ऑफिसची पँट घालून तयार होतो. पाहून तसंच कामावर जायचं होतं. आत्या कुंपणाजवळ बसून राहिली, शेळ्या राखणारी बसते तशी. थोड्या वेळानं मंकी कॅप घातलेला एक माणूस लठ्ठ तपकिरी कुत्रं घेऊन आला. पट्टा सोडला, खिशात घातला आणि तोंड फिरवलं. तेवढ्यात पलीकडे जीपचा हॉर्न वाजला. ड्रायव्हरनं काहीतरी ओरडून सांगितलं, तसा तो माणूस धावत पूल ओलांडून जीपमध्ये बसला आणि निघून गेला. कुत्रं पुलाकडे तोंड करून बसून राहिलं.

आत्या माझ्याकडे बघत होती. तिनं काही म्हणायची गरज नव्हती, तरी ती म्हणाली.

“गेला. मागं वळून बी न्हाई पाहिलं.”

तिनं कनवटीची भाकरी काढली. कुत्र्यानं ती दोन घासांत संपवली आणि तिच्या पायाशी लोळण घेतली. पाच मिनिटांत आमच्या घरात एक माणूस वाढला. मी त्याला पुलावरून न्यायला निघालो, तर आत्यानं अडवलं. पुलावरून नेलं तर जुन्या धन्याचा वास राहील आणि हे मुकं जनावर पुन्हा त्या निर्दयाकडे जाईल, म्हणून पाण्यातूनच न्यायचं. आणि स्वतः पाण्यात उतरायला कुत्रं तयार नव्हतं. तेव्हा सकाळच्या थंडीत, लेकरासारखं कडेवर घेतलेलं ते धूड सांभाळत मी गुडघाभर ओढा ओलांडला. लाज वाटत होती, पण मनात एक उदात्त भावनाही होती. शिक्षणानं माणूस घडतो तो असा, असं मला वाटलं.

कचेरीत पोचलो तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत ओली होती आणि शर्टाला केस लागले होते. तिथं नुसता गोंधळ. साहेबांचं कुत्रं हरवलं होतं. माझं अक्षर चांगलं म्हणून मोठ्या बाबूंनी मला वीस नोटिसा लिहायला बसवलं आणि साहेबांनी स्वतः मजकूर सांगितला. नाव टायगर. रंग तपकिरी. अंगानं भरलेलं. मी सुवाच्य अक्षरात लिहीत गेलो. पाचवी नोटीस झाली तेव्हा साहेबांनी ‘ओढ्याकाठचे मैदान’ हे शब्द वाढवायला सांगितलं. तेव्हा मी पहिल्यांदा मान वर करून त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. मंकी कॅप नव्हती, पण नाक तेच होतं.

“काय झालं?” साहेबांनी विचारलं.

“साहेब, नोटिसा लागणार नाहीत,” मी म्हणालो. पुढचं सांगताना मी माझ्या फाईलकडे बघत होतो. ती त्यांच्या कोपराखाली होती.

साहेब खुर्चीतून उठले. ते जीपमध्ये बसले, मला मागे बसवलं. खोलीच्या उंबऱ्यात आत्या आणि आत टायगर, दोघं ताक पीत होते.

मी आत्याला घाईघाईनं सगळं सांगितलं. तिनं साहेबांना नखशिखान्त न्याहाळलं.

“सकाळी सोडून गेला अन् दुपारी मागायला आला? मला न्हाई पटत. सोडणाऱ्याच्या डोक्यात टोपी होती.”

“आत्या, हेच आमचे साहेब आहेत,” मी जवळजवळ रडत म्हणालो.

“तुजे साहेब असतील. कुत्र्याचे हायेत का, ते मला पाहू दे.”

साहेबांनी “टायगर” म्हणून हाक मारली. टायगरनं आत्याकडे पाहिलं आणि ताकाचं भांडं चाटत राहिला. मी डोळे मिटून घेतले. मग साहेबांनी ड्रायव्हरला जीपमधून मंकी कॅप आणायला सांगितली, आणि भर दुपारी, सफारीवर, माझ्या दारात उभं राहून ती घातली. टायगर शेपटी हलवत धावला.

“व्हय,” आत्या म्हणाली. “ह्योच. ह्योच सोडून गेला हुता.”

साहेबांनी टोपी काढली आणि शाळेतल्या पोरासारखं समजावून सांगितलं: अचानक मीटिंगचं बोलावणं आलं होतं, टायगरला घरी न्यायला पुलाजवळच्या शिपायाला सांगितलं होतं, शिपाई तिथंच चहा पीत बसला आणि मग मैदानात कुत्रं दिसेना, तेव्हा त्याला वाटलं साहेबांनीच ते जीपमध्ये नेलं. आत्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, “आपलं लेकरू दुसऱ्यावर सोपवून जावं न्हाई. मी याला शिकवला, तर दर आठवड्याला सोता जात हुते.”

साहेबांनी टोपीची घडी करून ती खिशात घातली. मग म्हणाले, “चुकलं, मावशी.”

महिनाभर मी रोज नोकरी गेल्याच्या तयारीनं कचेरीत जात होतो. मग एक दिवस साहेबांनी बोलावलं. त्या संध्याकाळी आत्याला लिहिलेलं पत्र असं:

‘ती. कौसाआत्यास, नामदेवचा साष्टांग नमस्कार. तुझ्या आशीर्वादानं मी कायम झालो. ऑर्डरची नक्कल सोबत जोडली आहे. तुला पटणार नाही, म्हणून शिक्का दिसेल अशी काढली आहे. साहेब तुझी आठवण काढतात. तुझं बोलणं त्यांनी मनावर घेतलं असून टायगरला आता शिपायावर सोपवत नाहीत. स्वतःला जमलं नाही, तर घराण्यातल्या पहिल्या पदवीधरावर सोपवतात. म्हणजे रोजच. पट्टा सोडल्यावर मी तोंड फिरवत नाही. परवा पुलावर एक म्हातारी उभी राहून माझ्याकडे टक लावून बघत होती, तेव्हा मी घाबरून पट्टा बांधला आणि घरी आलो. ऑर्डर तू खुशाल तिघांकडून वाचून घे. पण हात जोडून सांगतो, हे पत्र एकाच माणसाकडून वाचून घे, आणि तो घरोघर हिंडणारा पोस्टमन नसावा.’