माटोळीतला सुपारीचा घड

अगो बाय, जरा जवळ सरक. गेल्या खेपेला उभ्या उभ्याच गेलीस, चहासुद्धा अर्धा टाकून. म्हणून हे सांगायचं राहिलं — तसं ते मी कोणालाच कधी सांगितलेलं नाही.

आमची लेक नीता सरकारी वकील, ते तुला ठाऊक आहे. लाच खाणारे, खोट्या कागदांवर जमिनी लाटणारे — असल्यांचे खटले तिच्याकडे. पहिल्याच दिवशी तिने मला बजावलं, कोणी दारात केळ्यांचा फणा ठेवला तरी परत. आणि मी पाळलं हो. माझ्या भावाने कोणाच्या तरी हाती पाठवलेला फणससुद्धा फाटकातून परत धाडला. भाऊ अजून टोमणे मारतो.

मग त्या चवथीला मला काय झालं होतं?

गणपतीच्या वर माटोळी बांधून झाली होती. चौकटीला काकड्या, चिबूड, रानातली फळं, सगळं टांगलं — मधोमध तेवढा सुपारीचा घड नव्हता. दुपारी एक बाई तोच घेऊन दारात. पिवळाधमक, दोन हातांत मावेना. तिने नाव सांगितलं. लाच घेताना धरलेला एक कारकून, त्याचा खटला नीताकडे — ही त्याची आई. तिने काही मागितलं नाही. नुसती उभी राहिली. ती कशाला आली ते मी ओळखलं, आणि तरी घड घेतला. का? शेजारणीपेक्षा माझी माटोळी उठून दिसावी म्हणून. दुसरं काही नाही.

संध्याकाळी नीता वर बघतच राहिली. कुठून आणलास? डिचोलीच्या बाजारातून, मी म्हटलं. जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

खरी गंमत पुढच्या वर्षी. माटोळीच्या बाजाराला ती मलाच डिचोलीला घेऊन गेली.

"दाखव तुझी ती घड विकणारी बाई."

काय करणार? समोर एक म्हातारी सुपारी घेऊन बसली होती, तिच्याकडे बोट केलं. ती म्हातारी माझ्या तोंडाकडे बघते आणि म्हणते, "व्हय गे बाय, माझ्याकडचोच तो. मुद्दाम राखून ठेवलेलो." आणि दोन घड गळ्यात मारले. कोर्टात भल्याभल्यांचं खोटं पकडणारी माझी लेक, दोन म्हाताऱ्यांच्या मध्ये खूश होऊन उभी. घरी पोचेपर्यंत मला हसू आवरेना. आताही आवरत नाही, बघ.

पण पुढे त्या कारकुनाला शिक्षा झाली. नीतानेच खटला जिंकला. त्याच्या आईने तोंड उघडलं असतं तर? तुमच्या घरच्या माटोळीत माझा घड होता, एवढंच बोलली असती तर? मुलगा आत गेला, तरी ती बोलली नाही. माझ्या लेकीची अब्रू तिने राखली. मी नाही.

घड मी घेतला. खोटं मी बोलले. या चवथीच्या आधी नीताला सांगणार आहे — ती काय म्हणेल ते म्हणेल.

तू मात्र लवकर ये. माटोळी बांधायला आता माझे हात वर पोचत नाहीत. आणि येताना हात हलवत ये. काही आणलंस तर फाटकातून परत जाईल.