अस्वलाचा नियम हत्तीला

“अहो, टाळ्या वाजवा! ओरडा जोरात!” बायको गाडीत किंचाळत होती. दक्षिण आफ्रिकेच्या अभयारण्यात आमच्या भाड्याच्या गाडीसमोर हत्ती उभा होता, आमच्या कॅल्गरीच्या घराएवढा, तोही बेसमेंट धरून. डोंगरात फिरताना अस्वलं लांब राहावीत म्हणून आवाज करत चालायचं, हे कॅनडात आमच्या अंगात भिनलेलं. पण हत्तीलाही हाच नियम, की नेमका उलटा? रिव्हर्स घेण्याआधी शिस्तीत सिग्नल द्यायला कॅनडातल्या सवयीनं डावीकडची दांडी ओढली, तर उजव्या स्टिअरिंगच्या त्या गाडीत वायपरच सुरू झाले. कोरड्या काचेवर कर्र कर्र! इकडे बायको टाळ्या पिटतेय आणि हत्ती कान पसरून एकदा तिच्याकडे, एकदा वायपरकडे बघतोय. दोन युगं गेली. मग तो वळला आणि झाडीत शिरला.

“माझ्या टाळ्यांनी गेला,” ती म्हणाली. मी म्हटलं, वायपरनं. पार समुद्रकिनारा गाठेपर्यंत हाच वाद. कॅल्गरीला परतल्यावर एका मित्राला सगळं रंगवून सांगितलं आणि विचारलं, “आता तूच सांग, हत्ती गेला कशानं?”

तो म्हणाला, “कंटाळून गेला असेल.”