मसुराएवढी गाठ

वरणात मीठ कमी म्हणून मी बायकोचा हात पिरगाळला. कट्कन आवाज झाला. ती ओरडली, आणि ओरडते म्हणून मी पुन्हा पिरगाळला.

दोन वर्षं असंच चाललं होतं. माझं पोट सुटलं, तोंड भाकरीसारखं गोल झालं. नातेवाईक म्हणायचे, ‘वाडीची नोकरी मानवली गा तुले.’ आमच्याकडे सुटलेलं पोट म्हणजे बरकत, त्यासाठी डॉक्टरकडे कोण जातं? डोकं मात्र सतत भणभणायचं. वाडीत ज्या शेठकडे नोकरी होती, त्याच्या गोदामात एका हमालाच्या कानशिलात ठेवून दिली. घरी टीव्हीवर तवा फेकून मारला.

धंतोलीतल्या हाडांच्या डॉक्टरांनी तिच्या मनगटाला प्लास्टर घातलं आणि माझ्याकडेच बघत राहिले. शर्ट वर करायला लावला. पोटावर जांभळे पट्टे होते. म्हणाले, ‘हात यांचा मोडलाय, पण तपासण्या तुमच्या करायला हव्यात.’

मेंदूच्या तळाशी, पिट्युटरी ग्रंथीत, मसुराएवढी गाठ निघाली. तिच्यामुळे अंगात कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक बेसुमार वाढलं होतं. राग पेटवणारा मेंदूचा भाग आणि त्याला आवरणारा भाग यांच्यातला संपर्क अशा आजारात ढिला पडू शकतो, असं मोठ्या डॉक्टरांनी समजावलं. मला रडू आलं, आनंदानं. मी नाही, गाठीनं मारलं होतं!

नाकातून ऑपरेशन झालं. काही महिन्यांत तोंडावरची सूज उतरली, डोकं निवलं. मग माहेरी निघून गेलेल्या बायकोला आणायला महाल भागात सासऱ्यांकडे गेलो. एका हातात संत्रा बर्फी, दुसऱ्या हातात एमआरआयची पिशवी. फिल्म खिडकीसमोर धरून सासऱ्यांना गाठ दाखवली. ते विरघळले. लेकीला म्हणाले, ‘जावईबापूचा काही दोष नाही वं. भर बॅग.’

ती उठली नाही. वाकडं जुळलेलं मनगट चोळत तिनं मला विचारलं, ‘शेठ तुमाले रोज मायबहिणीवरून शिव्या द्याचा. त्याच्यावर कधी हात उचलला?’

‘नाही.’

‘हमालाले मारलं, मले मारलं. शेठले नाही. एवढी वळख त्या गाठीले कुठून आली?’

सासऱ्यांनी बर्फीचा डबा परत माझ्याकडे सरकवला. मी फिल्म पिशवीत घातली आणि एकटाच वाडीला परतलो. शेठसमोर रक्त तेव्हाही उसळायचं, पण मी मुठी खिशात घालायचो. दोन्ही वर्षं, रोज, मला त्या खिशात घालता आल्या होत्या.