मागच्या फळीवरचे पापड

राजुरीच्या पेठेत चेतनाचं किराणा दुकान आहे. गिऱ्हाईक रिकाम्या हातानं जाऊ द्यायचं नाही आणि चूक कबूल करायची नाही, ही तिची दोन व्रतं. बाकीची व्रतंही ती करते, पण या दोन्हींत कधी खंड पडला नाही.

तिची नणंद नीलम मंचरला असते. नवऱ्याचं दुकान बसलं तशी ती पापड लाटू लागली. एका उन्हाळ्यात मोठ्या आशेनं पाकिटं आणून तिनं चेतनाकडं ठेवली. आपल्या सासऱ्यांची, केवलचंदशेठची लेक पापड विकते, असं पेठेत कुणी म्हणायला नको, म्हणून चेतनानं ती मागच्या फळीवर साबणाच्या खोक्यांआड सारली. नेहमीच्या गिऱ्हाईक साळुबाईनं विचारलं, "वैनी, घरगुती पापड हायेत का?" तर हिनं "नाहीत" म्हणून कंपनीचं पाकीट पुढं केलं. पुढं "ताई, खपत नाहीत हो" म्हणत सगळी पाकिटं परत दिली. नीलम ती घेऊन गेली आणि राजुरीला यायची बंद झाली. चेतनाला हे सलत होतं, चांगलंच सलत होतं. पण तोंड कोण उघडणार?

मुलगा संयम पाचवीत. अवसरी खुर्दच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या एका पोरानं आपलं गेमचं मशिन विकायला काढलं, ते चेतनाच्या नवऱ्यानं घरी आणलं. त्यातला गेम मारामारीचा नव्हता, गोष्टीचा होता. संयमनं इंग्रजी वाचून मराठीत सांगायचं आणि पुढं काय करायचं ते मायलेकांनी मिळून ठरवायचं. दुपारी पेठ सामसूम झाली की दोघं आतल्या खोलीत बसत. पोराचं इंग्रजी सुधारेल, एवढीच तिची अपेक्षा.

गोष्टीत एक नदी होती. लवकर पोचायचं म्हणून दोघांनी काठावरच्या मेंढपाळाला "नावेत जागा नाही" असं सांगितलं. नाव रिकामी होती. पुढं तोच मेंढपाळ पुलावर आडवा उभा. संयमनं 'माफ कर' दाबलं. मेंढपाळ म्हणाला, "कशाबद्दल?" खाली निवडायला उत्तरं आली.

"उशीर झाला, ते दाब," चेतना म्हणाली. मेंढपाळ हलला नाही.

"मग कुत्रं भुंकलं, ते दाब."

"मम्मी, जागा होती, ते दाबू?"

"वेडा का काय? आपण होऊन कुणी कबूल करतं का?"

शेवटी संयमनं तिला न विचारताच दाबलं: जागा होती, आम्ही खोटं बोललो. मेंढपाळ बाजूला झाला. "त्याला आधीच माहीत होतं," पोरगं म्हणालं. त्या दिवशी चेतनाला चहा गोड लागला नाही.

मग पर्युषण आलं आणि मशिन कपाटात गेलं. संवत्सरीचा उपवास झाला की दुसऱ्या दिवशी सगळ्यांची क्षमा मागायची. एका दगडात दोन पक्षी मारणं जैनाला शोभत नाही, पण एका बोटानं अख्ख्या गोतावळ्याची क्षमा मागणं चेतनाला दरवर्षी जमायचं. जोडलेल्या हातांचं चित्र, खाली 'जाणता-अजाणता दुखावलं असल्यास मिच्छामि दुक्कडम्', की दिलं पाठवून. नीलमलाही तेच जायचं. नीलमकडूनही तसंच चित्र यायचं.

यंदा संयम खांद्यावरून बघत होता. "नीलमभुआला पण हेच?"

"मग?"

"तिनं विचारलं, कशाबद्दल, तर?"

चेतनाचं बोट फोनवर तसंच राहिलं. बिचाऱ्या पोराला पापडांचं काहीच ठाऊक नव्हतं. पारणं न करताच तिनं पिशवी उचलली, पोराला घेतलं आणि मंचरची एसटी धरली.

नीलमनं दार उघडलं. "भाभी? अशी अचानक?"

वाटेत जुळवलेलं सगळं चेतना विसरली. उंबऱ्यातूनच म्हणाली, "ताई, तुमचे पापड मी कुणाला दाखवलेच नाहीत. लपवून ठेवले. लोक काय म्हणतील, याची लाज वाटली मला."

संयम चपलेचा पट्टा ओढत उभा होता.

"पाकिटांना साबणाचा वास येत होता," नीलम म्हणाली. मग विचारलं, "पारणं झालं?"

"नाही."

नीलमनं दोघांना आत घेतलं. चेतनापुढं मुगाची वाटी ठेवली आणि शेजारी भाजलेला पापड.

"आधी हा खा," ती म्हणाली. "तू तर एकदाही चाखला नव्हतास."